कात्री कुणी लावली

एका संग्रहालयाने माझ्या मैत्रिणीला फसवलं. मैत्रीण मूळची घानाची, संग्रहालय इंग्लंडमधलं आणि मध्यस्थ मी. तिने त्यांना प्रदर्शनासाठी दिलं तेव्हा तिचं कापड अखंड होतं, आता त्याचे दोन भाग आहेत. एक पेटीत, एक त्यांच्या भिंतीवर. गेले काही महिने जो भेटतो तो मला समजावतो की प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. गुंतागुंत कसलीही नाही. कुणीतरी कात्री घेतली आणि न विचारता चालवली.

संग्रहालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते नावावरून भांडतील आणि कापड बाजूला राहील. आमच्या क्रॉयडनहून ट्रेनने जाता येतं, जुन्या लायब्ररीच्या इमारतीत आहे आणि तिथला गाजराचा केक चांगला असतो, एवढं पुरे.

मी कापडातलीच. माहेर इचलकरंजीचं. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होते आणि आमची खोली कारखान्याच्या भिंतीला लागून होती. दिवसभर मागांची खडखड. आवाज चढवल्याशिवाय घरात मीठसुद्धा मागता यायचं नाही. माझ्या रागाबद्दल लोक बोलतात तेव्हा मी त्यांना एवढंच सांगते. पुढे लग्न होऊन या देशात आले ती डॉक्टरांची बायको म्हणून. आमचे हे सर्जन. घर हॉस्पिटलचं, ओळखी हॉस्पिटलच्या, आणि मी दुपारभर खिडकीतून कारपार्क बघत बसलेली. दोन हिवाळे तसे काढले. मग एका गोदामातून ड्रेसच्या कापडाचे पडून राहिलेले तागे उचलले आणि क्रॉयडनच्या रस्त्यावरच्या बाजारात टेबल लावलं.

स्लाऊला आमच्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू असायचं. तिथे एका बाईंनी वाण देता देता विचारलं, "अहो, डॉक्टरांचं बरं चाललंय ना?" म्हणजे बायको बाजारात उभी राहते त्या अर्थी घरात काहीतरी बिनसलं असणार. मी म्हटलं, "उत्तम चाललंय. पडद्याचं कापड हवं असेल तर सांगा." त्यानंतर बरीच वर्षं मला बोलावणं नव्हतं. पुढे माझं दुकान झालं तेव्हा त्याच बाई पडद्याचं कापड घ्यायला आल्या. मी एक पेनी कमी केली नाही.

टेबल लावलं त्या पहिल्या हिवाळ्यात ही मैत्रीण आली. उंच, रुंद, डोक्याला पिवळं फडकं घट्ट बांधलेलं. तिने ताग्याचं टोक हातात घेतलं, उलटं केलं, दोन्ही बाजू पाहिल्या, वास घेतला आणि ठेवून दिलं.

"हे कोण घेतं तुझ्याकडून?"

लोक घेतात, मी म्हटलं. लोकांना डोळे नाहीत का, असं तिने विचारलं. मी चिडून म्हटलं, घ्यायचं नसेल तर हात लावू नका. त्यावर ती मनापासून हसली, कोपरं टेबलावर टेकवली आणि भाव करायला लागली. अंधार पडायला आला तरी आमचं चाललंच होतं. शेजारचा भाजीवाला आपला माल आवरायचं सोडून आमच्याकडे बघत उभा राहिला होता. शेवटी तिने घेतलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, "तुला भाव करता येतो, माल ओळखता येत नाही. माल मी दाखवते."

इचलकरंजीच्या मुलीला हे ऐकवणारी ती पहिलीच.

तिने मला तिच्या देशातल्या बायका वापरतात ते छापील सुती कापड दाखवलं. मेण लावून रंगवायच्या पद्धतीचं, दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं, ठसठशीत रंगाचं. कुठून आणायचं, कुणाला विकायचं, कोणता रंग कोणत्या प्रसंगाला चालतो, सगळं तिने शिकवलं. आज माझ्या दुकानात निम्म्याहून जास्त माल तोच आहे. ती माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठी. मी तिला आंटी म्हणते. ती मला आजही गिऱ्हाइकांसमोर 'डॉक्टरची बायको' म्हणूनच हाक मारते.

घानाचा राजकीय इतिहास मी पुस्तकात वाचला नाही. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी, थर्मासमधला चहा पीत, आंटीकडून शिकले. त्यांच्याकडे काही मोठं घडलं की त्याचं कापड निघतं. स्वातंत्र्य मिळालं, कापड निघालं. निवडणूक आली, पक्षाच्या खुणेचं कापड. पुढाऱ्याचा चेहरा छापलेलं कापड तर हमखास. मी म्हटलं, आमच्याकडे निवडणुकीत टोप्या आणि उपरणी वाटतात. आंटी म्हणाली, म्हणजे तुमचे पुढारी तुमच्या डोक्यावर बसतात. आमच्याकडे कुठे बसवायचं ते बायका ठरवतात. आवडता असेल तर छातीवर, नावडता असेल तर बसायच्या जागी. शिंपिणीला नुसता डोळा मारायचा.

तिच्या आईचं दुकान अक्रा शहरातल्या मोठ्या बाजारात होतं. दुकान म्हणजे ओटा, वर पत्रा आणि छतापर्यंत रचलेलं कापड. इंग्रजांच्या राज्यात त्या देशाला गोल्ड कोस्ट म्हणत. स्वातंत्र्याच्या चळवळीत बाजारातल्या बायकांनी पक्षाला पैसा पुरवला, सभांसाठी ओटे बंद ठेवले, माणसं जमवली, जमलेल्यांना जेवू घातलं. १९५७ साली इंग्रज गेले, देशाचं नाव घाना झालं आणि नव्या पंतप्रधानांचा चेहरा छापलेलं कापड बाजारात आलं. आंटीच्या आईने त्यातलं एक अखंड घेतलं. अखंड म्हणजे बारा वार, दोन्ही टोकं कारखान्यातून आली तशी, आणि एका टोकाला कारखान्याचं सोनेरी लेबल चिकटवलेलं. ते तिने विकलं नाही आणि शिवलंही नाही. तिची समजूत अशी की आता बाजाराचा कायदा बाजारातल्या बायकांना विचारून होईल. ज्या दिवशी तसा पहिला कायदा होईल त्या दिवशी हे कापड कापून त्याचा पोशाख शिवायचा. तोवर घडी तशीच राहील.

तो दिवस काही आला नाही. ज्याला त्यांनी निवडून दिलं त्याने पुढे विरोधकांना चौकशीशिवाय तुरुंगात घातलं आणि आपला सोडून दुसरा पक्ष ठेवला नाही. १९६६ साली तो परदेशी गेलेला असताना लष्कराने त्याचं सरकार उलथवलं. त्याचा पुतळा पाडला. काल अभिमानाने मिरवलेला चेहरा घरात सापडणं धोक्याचं झालं. शेजारणींनी आपापली कापडं गडद निळ्या रंगात बुडवली, चेहरे दिसेनासे केले. आंटीच्या आईने आपलं कापड गादीच्या खोळीत घातलं आणि त्यावर झोपायला लागली. मी विचारलं, पुढारी आवडेनासा झाला होता तर ठेवलं कशाला? आंटी म्हणाली, "आईने ते त्याच्यासाठी घेतलंच नव्हतं. स्वतःसाठी घेतलं होतं."

मग काही वर्षं नागरी सरकार, मग पुन्हा लष्कर, मग त्या लष्करातच बदल. दुकानांत साबण नाही, दूध नाही, तेल नाही. १९७९ साली तरुण अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली आणि सगळ्या टंचाईचं खापर बाजारातल्या बायकांवर फोडलं. या साठेबाज, या रक्त पितात. देशात परकीय चलन नव्हतं, कारखाने बंद पडले होते, कोको चोरून सीमेपार जात होता. पण बंदूकवाल्याला तिजोरीचा खडखडाट दिसत नाही, ओट्यावर ठेवलेला साबण दिसतो. सैनिकांनी बायकांचा माल ठरवून दिलेल्या भावात विकायला लावला, काहींना चौकात फटके मारले. आणि आईचा ओटा होता तो बाजार लुटून, सुरुंग लावून, बुलडोझर फिरवून जमीनदोस्त केला. आंटी तेव्हा तिशीत होती. आई आणि ती लांबून बघत उभ्या होत्या. हे सांगताना ती आवाज चढवत नाही. फक्त टेबलावरचं कापड हाताने सपाट करत राहते, ते आधीच सपाट असलं तरी.

कापड वाचलं, कारण ते ओट्यावर नव्हतं, गादीत होतं. आई गेल्यावर ते तिच्याकडे आलं. त्यांच्याकडे आईचं कापड मुलीकडे जातं. सोबत आईची अटही आली. दोन-तीन वर्षांत ती या देशात आली, ऑफिसं झाडली, मग बाजारात उभी राहिली, आणि ते कापड तिच्या क्रॉयडनच्या फ्लॅटमध्ये लोखंडी पेटीत राहिलं.

मला तिने ते दाखवलं ते ओळख झाल्यावर कितीतरी वर्षांनी. आधी हात धुवायला लावले. मग पेटी उघडली. सोनेरी लेबल अजून चिकटलेलं होतं. मी घडी उलगडायला गेले तर तिने माझा हात धरला. मला समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे नवी साडी पहिल्यांदा नेसली की घडी मोडली म्हणतात, आणि ती कुणी मोडायची यालाही मान असतो. इथे दोन पिढ्यांनी घडी मोडली नव्हती. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, बघ, डॉक्टरच्या बायकोला अक्कल आहे.

हे सगळं लिहिलं, कारण पुढे ज्यांना हे कळलं नाही त्यांनी 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हटलं आहे. कल्पना होती. मी स्वतः दिली होती. बसवून, चहा पाजून दिली होती.

गेल्या वर्षी संग्रहालयाची एक तरुण अधिकारी माझ्या दुकानात आली. आफ्रिकेतल्या देशांच्या स्वातंत्र्यावर प्रदर्शन करायचं होतं आणि तिला पुढाऱ्यांचे चेहरे असलेली कापडं हवी होती. अतिशय मऊ आवाजाची मुलगी. हवा कशी आहे सांगावं तशी सगळं सांगायची. मी तिला आंटीकडे नेलं. आंटीची तयारी नव्हती. तिची मुलगी ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत आहे, तिने फोनवर समजूत घातली की मम, लोकांना कळू दे, पेटीत ठेवून कुणाला कळणार? शेवटी आंटी म्हणाली, ठीक आहे, पण परत वेळेवर यायला हवं. कारण आंटी यंदा सप्टेंबरात कायमची घानाला परत जाते आहे. गुडघे गेले आहेत, इथली थंडी सोसत नाही. जाण्याआधी तिला ते कापड, आईच्या अटीसकट, मुलीच्या हातात द्यायचं होतं. अखंड.

मग मी सौद्याला बसले. आयुष्यभर हेच केलं आहे. अधिकारी मुलीला वाटलं होतं की एक सही घेऊन कापड बगलेत मारून जाता येईल. मी तिला दोन तास बसवलं. कापड पोस्टाने जाणार नाही, टॅक्सीने जाईल आणि सोबत माणूस असेल. प्रकाश मंद असेल. काच असेल. लेबलला कुणी हात लावणार नाही. भिंतीवरचा मजकूर आंटी सांगेल त्या शब्दांत असेल. घडी मोडायची नाही, वरचा पदर दिसेल तेवढाच दाखवायचा. ती प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती. कापड मँचेस्टरच्या बाजूला छापलेलं आहे हे कळल्यावर तर ती फारच खूश झाली. म्हणाली, मग ही एका अर्थी इथलीच गोष्ट झाली की. आंटीने माझ्याकडे बघितलं आणि आपल्या फडक्याची गाठ सारखी केली.

लोक मला विचारतात, तू एवढ्या अटी घातल्यास तर 'कापू नका' ही अट का नाही घातलीस? याला माझं उत्तर असं की 'जाळू नका' हीसुद्धा घातली नव्हती.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आम्ही दोघी सजून गेलो. आंटीने जांभळा पोशाख घातला, मी नारायणपेठ नेसले. चष्मेवाले लोक हातात वाइन घेऊन उभे होते. आंटीशी सगळे हसून हात मिळवत होते. आम्ही आतल्या भिंतीपाशी गेलो. काचेमागे एक चौकोन होता. पाटाएवढा. मधोमध त्या पुढाऱ्याचा चेहरा, चारी बाजूंनी नेमका सरळ कापलेला, बोर्डावर ताणून चिकटवलेला.

आंटी काचेजवळ गेली. मग बाजूला सरकून बोर्डाच्या मागे बघायचा प्रयत्न करायला लागली.

"बाकीचं मागे घडी करून ठेवलंय ना?"

अधिकारी मुलगी आमच्या शेजारीच उभी होती. तिने आपल्या मऊ आवाजात सांगितलं, "काळजी करू नका. बाकीचं स्टोअरमध्ये सुरक्षित आहे. जवळजवळ सगळं तुम्हाला परत मिळेल."

जवळजवळ सगळं. मी तिला विचारलं, हे कुणी कापलं? ती म्हणाली, डिझायनरला एक प्रातिनिधिक नमुना हवा होता, काचेची पेटी लहान पडत होती. मी म्हटलं, पेटी लहान पडली तर पेटी बदलायची. ती म्हणाली, तसं हे शिवलेलं वस्त्र नाही ना, नुसती कापडाची लांबी आहे, आणि त्यात तेच चित्र पुन्हा पुन्हा येतं.

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या लोकांशी काय भांडावं लागणार आहे. त्यांच्या लेखी न शिवलेलं कापड म्हणजे कच्चा माल. कात्री लागली, शिलाई मारली, की मग ते वस्त्र होतं. मी त्यांच्यासमोर न शिवलेली साडी नेसून उभी होते. मी तिला विचारलं, मग माझ्याही पदराचा नमुना घेणार का? आवाज चढला असणार, कारण वाइनवाले सगळे वळून बघायला लागले. ती म्हणाली, आपण हे बाहेर बोलू या का.

आंटीने खुर्ची मागितली. बसली. भिंतीवरचा मजकूर वाचायला लागली. तिचे शब्द त्यात नव्हते. बाजाराबद्दल एकच वाक्य होतं, की टंचाईच्या काळात १९७९ साली बाजार हटवण्यात आला. कुणी हटवला, कसा, का, काही नाही. जणू महापालिकेने फुटपाथवरची टपरी उचलली.

तेवढ्यात कुणीतरी माइक आणून तिच्या हातात दिला. कार्यक्रमात तिचे दोन शब्द ठरलेले होते. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती उठली, काचेकडे पाठ केली आणि सावकाश म्हणाली, "माझ्या आईने हे कापड दोन सरकारांच्या सैनिकांपासून लपवलं. तुमच्यापासून लपवायचं असतं हे तिला माहीत नव्हतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. एका बाईंनी डोळे पुसले आणि तिच्याजवळ येऊन किती सुंदर बोललात असं म्हटलं. त्या टाळ्यांचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नसेल. कुणाला ऐकूच आलं नव्हतं.

परतीच्या ट्रेनमध्ये आंटी खिडकीशी बसली. क्रॉयडन आलं तेव्हा ती म्हणाली, "वर गेले की आई विचारेल, कापायचा दिवस कुणी ठरवला. सांगावं लागेल, शेवटी इंग्रजांनीच ठरवला." आणि हसली. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी मागे लागले. अधिकारी मुलगी म्हणाली, निर्णय डिझायनरचा. डिझायनर बाहेरून नेमलेला, तो म्हणाला, मला सांगण्यात आलं होतं की हे नमुन्याचं कापड आहे. कुणी सांगितलं? संग्रहालयाच्या समितीच्या बैठकीत तसं ठरलं असावं. समितीच्या अध्यक्षांनी पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं की कापडाच्या आकारात थोडा बदल झाला याबद्दल त्यांना खेद वाटतो. बाजार जसा हटवण्यात आला तसाच कापडाच्या आकारात बदल झाला. या देशात एवढी वर्षं काढली, पण इथे गोष्टी आपोआप किती होतात याचं मला अजून आश्चर्य वाटतं. सैनिकांचं एक बरं होतं. आंटीला त्यांचे चेहरे दिसले होते.

मी म्हटलं, तो चौकोन सोडवून परत द्या. ते म्हणाले, बोर्डावर चिकटवलेला आहे, काढायला गेलं तर फाटेल, आणि प्रदर्शनाला प्रतिसाद फार चांगला असल्यामुळे मुदत वाढवली आहे. ऑक्टोबरपर्यंत. आंटी सप्टेंबरात जाते आहे हे मी तीनदा सांगितलं. मग त्यांनी सद्भावना म्हणून आम्हा दोघींना संग्रहालयाचं वर्षभराचं मोफत सभासदत्व देऊ केलं. त्यात कॅफेत सवलत असते. मी ते पत्र आंटीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सवलत केकवर पण आहे का ते विचार. मी खरंच विचारलं. आहे म्हणे.

घरी माझी ही धुसफूस ऐकून ऐकून आमचे हे कंटाळले. हे आता निवृत्त आहेत, बागेत टोमॅटो लावतात. एकदा उरलेलं कापड मी जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं. ते आम्हाला परत मिळालं होतं, एका कागदी पिशवीत. यांनी चष्मा लावून कापलेली कड बघितली आणि म्हणाले, "कट अगदी स्वच्छ आहे. तुकडा मिळाला की जोडता येईल. कळणार पण नाही."

"अहो," मी म्हटलं, "तुमच्या प्रत्येक ऑपरेशनला आधी पेशंटची संमती लागायची. विसरलात?"

हे चष्मा काढून बागेत गेले. संध्याकाळी मात्र स्वतःहून समितीला ईमेल लिहायला बसले. डॉक्टरी इंग्रजीत, मुद्देसूद. उत्तर आलं की आपल्या भावना समितीपर्यंत पोचवल्या आहेत.

गेल्या रविवारी आंटीने मुलीला बोलावलं. पोरीचा चेहरा उतरला होता, कारण 'लोकांना कळू दे' हे तिचंच म्हणणं होतं. आंटी तिला त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही. पेटी उघडली, हात धुवायला लावले आणि उरलेलं कापड दिलं. अर्धवट. एका टोकाला सोनेरी लेबल आणि दुसऱ्या टोकाला कात्रीची कड. मुलीने विचारलं, "मम, मग आता मी काय करायचं? कापलंच आहे तर शिवून टाकू?"

आंटी म्हणाली, "आजीची अट कात्रीबद्दल नव्हती. विचारण्याबद्दल होती. तुला विचारलं का कुणी?"

मुलीने नकारार्थी मान हलवली.

"मग घडी कर."

तिने घडी केली. मी बाजूला उभी होते. एवढ्या वर्षांत मी कापडाचे किती सौदे केले याचा हिशेब नाही, पण असा एकही नाही ज्यात समोरचा कोण आहे हे मला माहीत नव्हतं. या एकाच सौद्यात मी दोन तास ज्या माणसाशी भाव केला त्याच्या हातात काहीच नव्हतं, आणि ज्याच्या हातात कात्री होती तो मला भेटलाच नाही.

म्हणून आता शेवटचं. मला खेद नको, सभासदत्व नको, समितीपर्यंत पोचवलेल्या भावना नकोत. मला तो माणूस हवा. ज्याने ती घडी मोडली, लेबलकडे बघितलं, चेहरा नीट मधोमध येईल असा हिशेब केला आणि कात्री चालवली, तो किंवा ती. त्याने सप्टेंबरच्या आत क्रॉयडनला यावं. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट चालते. आधी हात धुवावे लागतील. आंटीसमोर खुर्ची ठेवलेली आहे, तिथे बसावं आणि तिच्या डोळ्यांत बघून एवढंच सांगावं, की तुला विचारायचं असतं हे माझ्या मनात आलं होतं की नव्हतं. आलं असेल तर का विचारलं नाही. आणि नसेल आलं, तर का नाही आलं.